उभ्या गाडीची निगा

चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होणारी केटीएम आरसी ३९० अमेरिकेत २०१५ सालापासून मिळू लागली. म्हणजे पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेला एखादा इंजिनिअर कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला स्थिरावल्यावर हौसेने जी ‘फॉरेनची’ गाडी घेतो, ती त्याच्या आईवडिलांच्या घरापासून तासाभरावरच्या कारखान्यातून आलेली असू शकते. आरसी नको असेल तर यामाहाची आर३ आहे. आणि सगळ्यात जास्त दिसते ती कावासाकीची निन्जा. अमेरिकेत १९८६ साली २५० म्हणून आलेली ही गाडी २०१३ मध्ये ३००, २०१८ मध्ये ४०० आणि २०२४ मध्ये ५०० झाली. इथल्या कित्येक पिढ्यांनी हीच गाडी पाडत-उचलत मोटरसायकल शिकली आहे. तीच २५० आपल्याकडे २००९ मध्ये बजाजच्याच हाताने आली होती, आणि तेव्हा परवडली नाही म्हणून मनात राहून गेलेली हौस पुष्कळांनी सनीव्हेलमध्ये भागवली आहे.

यांतली कोणती घ्यावी यावर लोक तासन्‌तास बोलतात. घेतल्यावर तिचं काय करावं यावर फारसं कोणी बोलत नाही. कारण पुण्यात त्याची गरजच नव्हती. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला गाडीचा आवाज लांबून ओळखू यायचा, “साहेब, चेनसेट गेलाय” हे तोच सांगायचा आणि संध्याकाळपर्यंत बदलूनही ठेवायचा. सनीव्हेलमध्ये तो गॅरेजवाला नाही. डीलरकडे मजुरीचा दर तासाला शंभर डॉलरच्या बराच वर असतो, अपॉइंटमेंट लागते, आणि गाडीत काय बिघडलंय हे आधी तुम्हीच सांगायचं असतं.

दुसरा फरक याहून मोठा आहे आणि तो लवकर लक्षात येत नाही. पुण्यात गाडी रोज चालते, म्हणून झिजते. इथे आठवड्यातले काही दिवस घरून काम, भाजीला आणि मुलांना आणायला कार, पावसाळ्यात गाडी झाकलेली. एखाद्या शनिवारी ती बाहेर निघते. वर्षाअखेर मैल जेमतेम दोन-अडीच हजार होतात. मालकाला वाटतं, गाडी तर काही चाललीच नाही, तिला काय सर्व्हिसिंग करायचं? पण मॅन्युअलमध्ये जवळजवळ प्रत्येक कामापुढे दोन आकडे असतात, इतके मैल किंवा इतके महिने, आणि त्यांतलं जे आधी येईल ते धरायचं. आपल्या गाड्यांच्या बाबतीत महिनेच आधी येतात. सनीव्हेलमधली लहान स्पोर्ट बाइक चालून फार बिघडत नाही. ती उभी राहून बिघडते. त्यामुळे देखभाल मीटर बघून न करता कॅलेंडर बघून करायची, हा या लेखाचा मुद्दा.

कागदपत्रांचं आधी उरकून घेऊ. भारतातलं दुचाकीचं लायसन्स इथे रहिवासी झाल्यावर चालत नाही. कॅलिफोर्नियाचं एम१ लायसन्स लागतं. लेखी परीक्षेनंतर परमिट मिळतं, पण त्यावर फ्रीवेवर जाता येत नाही, रात्री चालवता येत नाही आणि मागे कोणाला बसवता येत नाही. हायवे पेट्रोलच्या देखरेखीखाली चालणारा मोटरसायकल सुरक्षिततेचा कोर्स २१ वर्षांखालच्यांना सक्तीचा आहे. त्याहून मोठ्यांना नाही, पण तो केल्यावर डीएमव्हीची (म्हणजे इथल्या आरटीओची) गाडी चालवून दाखवायची परीक्षा माफ होते. पुण्यात दहा वर्षं गाडी चालवलेल्या माणसानेही हा कोर्स करावाच. लक्ष्मी रोडवरून गणपतीच्या दिवसांत गाडी काढणं ही कला आहे यात शंका नाही, पण ती ताशी वीस किलोमीटरची कला आहे. पुढचा ब्रेक जोरात आणि तरीही हळुवार कसा दाबायचा, हे आपल्यापैकी बहुतेकांना कोणी शिकवलेलंच नसतं.

हेल्मेट इथे १९९२ पासून सगळ्यांना सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्यालाही. ते डॉटच्या, म्हणजे अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या, मानकात बसणारं हवं. पुण्याहून आणलेल्या हेल्मेटवर नुसता आयएसआयचा शिक्का असेल तर ते इथे उपयोगाचं नाही. विम्याची किमान मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून वाढली: एका माणसाच्या इजेला ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेला मिळून ६० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीला १५ हजार. सनीव्हेलच्या सिग्नलला तुमच्या पुढे कोणती गाडी उभी असते ते आठवून पाहा, म्हणजे १५ हजार किती कमी आहेत ते कळेल.

आता खरेदी. पहिली गाडी वापरलेलीच घ्या, कारण पहिली गाडी पडतेच. विकणाराही बहुधा शिकाऊच होता, त्यामुळे त्याच्याही हातून ती पडलेली असणार, यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त कशी पडली ते बघायचं. हँडलच्या टोकाचं वजन, ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरचं टोक, फूटपेगचं टोक आणि इंजिनचं कव्हर या चार जागी खरवडलेलं असेल तर गाडी उभ्याउभ्या आडवी झाली असावी. हँडल पूर्ण वळल्यावर फ्रेमवर टेकतं तिथला अडथळ्याचा तुकडा चेपलेला असेल, किंवा सरळ रस्त्यावर हँडल किंचित तिरकं धरावं लागत असेल, तर मात्र नमस्कार करून निघावं. फेअरिंग अगदी नवीकोरी आणि इंजिनचं कव्हर मात्र घासलेलं, असं दिसलं तर प्लास्टिक नंतर बदललंय हे ओळखा.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनला हात लावून पाहा. ते गार असायला हवं. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर थंड इंजिन सुरू व्हायला किती कुरकुरतं ते तुम्हाला कळणार नाही. २०१२ पर्यंतच्या अमेरिकन निन्जा २५०ला कार्ब्युरेटर आहे, आणि वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीचे बारीक जेट हमखास चोंदलेले असतात. ‘फक्त कार्ब साफ करायला हवा’ असं जाहिरातीत वाचलं की त्या ‘फक्त’चे पैसे किमतीतून कमी करून घ्या. फ्रेमवरचा व्हीआयएन नंबर टायटलशी, म्हणजे मालकीच्या कागदाशी, ताडून पाहा, आणि एनएचटीएसए या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर तोच नंबर टाकून कंपनीने काही रिकॉल काढलाय का बघा. रिकॉलचं काम डीलर फुकट करतो. मोटरसायकलला कॅलिफोर्नियात स्मॉग चाचणी नाही, ती एक कटकट वाचते. मात्र गाडी २०१३ किंवा त्यानंतर बनलेली असेल तर एक्झॉस्टवर ईपीएचा शिक्का असावा लागतो, म्हणून आधीच्या मालकाने लावलेला कर्कश सायलेन्सर असेल तर मूळचा सायलेन्सरही मागून घ्या. रजिस्ट्रेशन थकलेलं असेल तर दंड गाडीबरोबर तुमच्याकडे येतो. आणि खाजगी खरेदीवरही विक्रीकर डीएमव्हीत भरावा लागतो, तो या भागात नऊ टक्क्यांच्या वर आहे. सौदा करताना हा आकडा डोक्यात ठेवा.

आरसी ३९० घेणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. केटीएमने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियात कर्जफेडीसाठी न्यायालयाचा आसरा घेतला आणि पुढे बजाजच्या पैशावरच ती सावरली. चाकणच्या माणसाला याची गंमत वाटेल, पण अशा उलथापालथीत सुटे भाग कुठे अडकतात ते सांगता येत नाही. गाडी घेण्याआधी जवळच्या डीलरला फोन करून ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड आणि क्लच केबल हाताशी आहे का एवढं विचारा. उत्तर कसं येतं त्यावरून बरंच कळतं.

गाडी घरी आली. पहिला प्रश्न, ती कुठे उभी करायची आणि तिचं काम कुठे करायचं. सनीव्हेलमधल्या पुष्कळ अपार्टमेंटच्या करारात पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीला मनाई असते. चेनला तेल मारण्यावर सहसा कोणी हरकत घेत नाही, इंजिनातलं तेल काढायला घेतलं की शेजारी खिडकीतून बघू लागतात. ज्याचं गॅरेज आहे असा मित्र शोधा. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात गाड्यांचा विषय काढून पाहा, निम्म्या लोकांना आपली जुनी यामाहा आरएक्स१०० आठवते आणि त्यांतल्या एकाकडे तरी गॅरेज असतंच. पान्यांचा संच मेट्रिक घ्या. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळणारे इंची पाने जपानी नटांवर सैल बसतात आणि कोपरे झिजवतात. टॉर्क रेंच आणि मागचं चाक उचलणारा स्टँड, या दोन गोष्टींवर पैसे घालवायला मागेपुढे पाहू नका.

उभ्या गाडीत पहिली मरते ती बॅटरी. या गाड्यांची बॅटरी लहान, आणि घड्याळ, ईसीयू, कोणी अलार्म लावला असेल तर तो, हे सगळे गाडी बंद असतानाही थोडं थोडं पीत असतात. महिनाभर सुट्टीवर पुण्याला जाऊन आलात की स्टार्टर नुसता टकटक करतो. बॅटरी टेंडर नावाचा छोटा चार्जर मिळतो, तो जोडून ठेवला की हा प्रश्नच उरत नाही. कारपोर्टमध्ये प्लग नसेल तर बॅटरी काढून घरात आणा, आधी ऋण टोक सोडायचं, लावताना ते शेवटी. आठवड्यातून एकदा दोन मिनिटं इंजिन सुरू करून बंद करणं हा आपल्याकडचा रिवाज इथे नुकसानच करतो. स्टार्टरने जेवढा करंट खाल्ला तेवढाही परत भरत नाही, आणि इंजिन पुरतं तापण्याआधीच बंद झाल्यामुळे ज्वलनातून तयार झालेली पाण्याची वाफ आतच गार होऊन तेलात उतरते. सुरू करायची तर निदान वीस मिनिटं चालवून आणा, नाहीतर तिला झोपू द्या.

पेट्रोलचंही तसंच. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. एक-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा आणि ओल राहायला जागा उरत नाही, आणि स्टॅबिलायझरची मात्रा टाकून दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. पंपावरच्या ८७, ८९, ९१ या आकड्यांनी भारतातून आलेले लोक गोंधळतात. भारतातला ९१ ऑक्टेन आणि इथला ९१ एक नव्हे. भारतात रिसर्च पद्धतीचा आकडा लिहितात, इथे रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींची सरासरी, त्यामुळे भारतातलं साधं ९१ म्हणजे इथलं साधारण ८७ आणि इथलं ९१ म्हणजे भारतातलं ९५च्या आसपासचं महाग पेट्रोल. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ८७ चालेल असं लिहिलं असेल तर महागडं पेट्रोल भरून ती जास्त धावत नाही. आरसी ३९०ला मात्र ९१च द्या.

तेलाबद्दल सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कारमध्ये इंजिनचं तेल फक्त इंजिनात फिरतं. या मोटरसायकलींमध्ये तेच तेल गिअरमध्ये जातं आणि क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी जी रसायनं असतात, ती क्लचला लागली की प्लेटा घसरायला लागतात. फ्रीवेवर थ्रॉटल दिला की इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. म्हणून बाटलीवर जेएएसओ एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघूनच घ्यायचं. जेएएसओ एमबी नको, ते गिअरलेस स्कूटरचं. कारच्या तेलाच्या बाटलीमागच्या गोल चिन्हात इंधनबचतीबद्दल ‘रिसोर्स कन्झर्विंग’ असं असेल तर तेही नको. बहुतेक जपानी लहान गाड्यांना १०डब्ल्यू-४० चालतं. इथले बरेच जण ट्रकच्या डिझेल इंजिनासाठीचं शेल रोटेला टी६ वापरतात. त्यावर एमए लिहिलेलं असतं आणि गॅलनच्या डब्यात ते स्वस्त पडतं. मोटरसायकलचं चित्र असलेल्या बाटलीला जास्त पैसे मोजलेच पाहिजेत असं मला वाटत नाही.

बदलायचं केव्हा? नव्या गाडीचं पहिलं तेल ६०० मैलांवर, हे टाळू नका. नव्या गिअरांचा चुरा त्यात असतो. पुढे कंपन्यांचे आकडे बरेच लांबचे असतात, सात-सात हजार मैलांपर्यंतचे. आपण ते गाठत नाही, म्हणून वर्षातून एकदा. त्यातही वेळ निवडायची असेल तर पावसाळ्याआधी, ऑक्टोबरात. वर्षभराच्या वापराने तेलात साचलेली आम्लं आणि ओल घेऊन गाडी हिवाळाभर उभी ठेवण्यापेक्षा ताजं तेल घालून ठेवलेलं बरं. इंजिन कोमट करून घ्या, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट निघतं. खालचा बोल्ट काढल्यावर त्याची वॉशर नवी घाला. तिची किंमत नगण्य, आणि जुनी घातली तर थेंब थेंब गळत राहतं. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटाने तेल लावा, फिल्टर हाताने घट्ट होईल तेवढाच पिळा. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. खालचं केसिंग अॅल्युमिनियमचं असतं, जोर जास्त झाला तर आटे जातात आणि मग दहा डॉलरच्या कामाचे शेकडो होतात. तेलाची पातळी बघताना गाडी सरळ उभी हवी, साइड स्टँडवर कललेली नको. इंजिन बंद करून काही मिनिटांनी काचेच्या खिडकीतल्या दोन रेघांमध्ये तेल दिसलं पाहिजे.

काढलेलं तेल झाकणाच्या डब्यात भरून ऑटो पार्ट्सच्या दुकानात न्या. पुष्कळ दुकानं ते फुकट घेतात. सांता क्लारा काउंटीचा घरगुती घातक कचऱ्याचा कार्यक्रमही रहिवाशांकडून अपॉइंटमेंटने कूलंट, ब्रेक फ्लुइड असल्या गोष्टी स्वीकारतो. रस्त्याच्या कडेच्या पावसाळी गटारात एक थेंबही नको. त्या गटाराचं पाणी कुठल्याही शुद्धीकरण केंद्रात न जाता ओढ्यांतून सरळ उपसागरात उतरतं.

आता चेन. चेन ही या गाडीची एकच गोष्ट जी तुमच्याकडे वारंवार लक्ष मागते. कावासाकी दर ४०० मैलांना तेल लावायला सांगते. आपला अंदाज साधा ठेवा, महिन्यातून एकदा, शिवाय पावसात भिजली तर त्याच दिवशी. हिच्या कड्यांमध्ये बारीक रबरी ओ-रिंग असतात आणि त्यांच्या आत ग्रीस कोंडलेलं असतं. पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने चेन घासली की ओ-रिंग जातात, मग ग्रीस जातं, मग चेन जाते. रॉकेलने पुसायची, मऊ ब्रश वापरायचा. रॉकेल इथे हार्डवेअरच्या दुकानात निळ्या डब्यांत वगैरे मिळतं, रेशनकार्ड लागत नाही. चालवून आल्यावर चेन गरम असताना तेल लावा, आतल्या बाजूने, म्हणजे फिरताना ते बाहेरच्या बाजूला पसरतं. तेल रात्रभर मुरू द्या. लावल्या लावल्या निघालात तर ते मागच्या टायरवर उडतं, आणि टायरवर तेल कोणालाच नको असतं.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: चेन साफ करताना इंजिन बंद हवं. गाडी स्टँडवर घेऊन, पहिल्या गिअरमध्ये चाक आपोआप फिरू देऊन फडक्याने चेन पुसणारे लोक आहेत. फडकं चेनमध्ये गेलं की बोट स्प्रॉकेटमध्ये जातं आणि तुटून पडतं. गाडी न्यूट्रलमध्ये, किल्ली खिशात, चाक हाताने फिरवायचं.

ताण मोजायचा तो खालच्या बाजूच्या मध्यावर, चेन वरखाली किती हलते ते बघून. निन्जा ३००ला हा खेळ २० ते ३० मिलिमीटर सांगितला आहे, दुसऱ्या गाड्यांना वेगळा. आकडा बहुधा चेन गार्डजवळच्या स्टिकरवर असतो. चाक फिरवून तीन-चार जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, आणि जिथे ती सगळ्यात घट्ट असेल तिथला आकडा धरा. आपल्याकडे चेन ‘टाईट करून द्या’ असं सांगायची सवय आहे. जास्त टाईट चेन सैल चेनपेक्षा वाईट. मागचं सस्पेन्शन दबलं की ती आणखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग ओढते. चेन लटकली तर मोठा खर्च नाही, बेअरिंग गेलं तर इंजिन उघडावं लागतं.

टायरमधली हवा मोजायला नवीन काही शिकावं लागत नाही. मैल, गॅलन, फॅरनहाइट सगळं बदललं तरी हवा पुण्यातही पीएसआयमध्येच भरत होतो. निन्जा ३००ला पुढे २८ आणि मागे ३२, बाकीच्यांचं स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर. मोजायची ती सकाळी, गाडी चालवण्याआधी. कॅलिफोर्नियात पेट्रोल भरणाऱ्या गिऱ्हाइकाला पंपवाल्याने हवा-पाणी फुकट द्यायचं असा कायदाच आहे, फक्त मागावं लागतं. पंपावरच्या गेजवर विश्वास नको, स्वतःचं ठेवा. उभी गाडी महिन्याला दोन-तीन पीएसआय सहज गमावते.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी फसू नका. दुसऱ्याकडून घेतलेल्या गाडीत मूळचेच टायर असतात आणि ते पाच-सहा वर्षांचे सहज निघतात. बाजूच्या भिंतीवर डॉटच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सनीव्हेलचं ऊन कोरडं आणि लांबलचक. उघड्यावर उभ्या गाडीचं रबर वाळून कडक होतं आणि वळणावर पकड सोडतं. पाच वर्षांनंतर टायरकडे संशयाने बघा, भेगा दिसल्या तर वाट बघू नका. नक्षी मोजायला एका सेंटचं नाणं पुरतं. लिंकनचं डोकं खाली करून खाचेत घाला. डोक्याचा माथा पूर्ण दिसला तर दीड मिलिमीटरच्या आसपासच उरलंय, बदला. रोज फ्रीवे १०१वरून सरळ ऑफिसला जाणाऱ्यांचा मागचा टायर मधोमध चपटा होतो. अशी गाडी वळणावर झुकवताना एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पडल्यासारखी वाटते.

ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, मैल कितीही असोत. ते हवेतलं पाणी शोषतं, पाण्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि सॅराटोगावरून हायवे ९ने स्कायलाइनच्या माथ्यावर चढून तोच घाट पुन्हा उतरताना, जिथे ब्रेक सतत लागतो, लिव्हर स्पंजसारखी आत जाऊ लागते. डॉट ४ची सीलबंद बाटली घ्या. मागच्या वर्षी उघडून ठेवलेली बाटली नको, तीही तेवढंच पाणी प्यायलेली असते. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून काढतं. कूलंट तीन वर्षांनी. हे गोड लागतं आणि विषारी असतं, त्यामुळे शेजाऱ्याचं कुत्रं जवळपास असताना उघडी थाळी ठेवू नका.

व्हॉल्व्हचं अंतर तपासणं हे घरी करायचं काम नव्हे, निदान पहिल्यांदा तरी नव्हे. ते किती मैलांनी करायचं हे गाडीगणिक खूप बदलतं. जुन्या निन्जा २५०ला ७,५०० मैल, यामाहा आर३ला २६,६००. वापरलेली गाडी घेताना हे काम झालंय का, याची पावती मागा. यासाठीच एक वही ठेवा. तारीख, मीटर, काय केलं, कुठलं तेल घातलं, पावती मागे चिकटवलेली. डीलर तुमची गाडी ओळखत नसतो, मग तिची जन्मकुंडली कोणाकडे तरी असायला हवी ना.

रस्त्यावरच्या दोन-तीन गोष्टी. लहान इंजिन फ्रीवेवर ताशी ७० मैलांना सात-आठ हजार आरपीएमवर फिरतं आणि आवाज ऐकून पुण्याच्या सवयीचा माणूस घाबरतो. निन्जा ३००ची लाल रेघ १३ हजारांवर आहे, ती याचसाठी बनली आहे. उन्हाळाभर कोरड्या राहिलेल्या रस्त्यावर कारमधून गळलेल्या तेलाचा थर बसलेला असतो, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या पहिल्या पावसाच्या दिवशी गाडी काढू नका. पाऊस दोन दिवस रस्ता धुऊ दे. स्कायलाइनवर रेडवुडच्या सावलीत भर दुपारीही रस्ता ओला आणि पानगळीने निसरडा असतो. वुडसाइडच्या अॅलिसेस रेस्टॉरंटपाशी रविवारी शेकडो मोटरसायकली उभ्या असतात, तिथे गाड्या बघत हिंडा, पण परतीच्या उतारावर कोणाच्या मागे लागू नका. लेनच्या मधून जाणं कॅलिफोर्नियात २०१७पासून कायद्यात लिहिलेलं आहे. ते कायदेशीर आहे म्हणजे रिक्षांच्या मधून काढायचो तसं काढायचं असं नाही. गाड्या थांबलेल्या किंवा रांगत असताना, त्यांच्यापेक्षा थोड्याच जास्त वेगाने. डाव्या हाताच्या वळणावर सिग्नल हिरवा होतच नसेल तर रस्त्यात कापलेल्या चौकोनी रेघा शोधा आणि चाकं नेमकी त्या रेघेवर उभी करा. एक्स्प्रेस लेनमध्ये मोटरसायकलला टोल लागत नाही, पण फास्ट्रॅक फ्लेक्सचा टॅग लागतो आणि तो ३वर ठेवावा लागतो.

चोरीचं सांगतो ते गांभीर्याने घ्या. या गाडीचं वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. हँडल लॉक असलं तरी दोघं जण ती उचलून व्हॅनमध्ये टाकू शकतात, आणि बे एरियात हे घडतं. डिस्क लॉक गाडी चालवून नेण्यापासून वाचवतं, उचलून नेण्यापासून नाही. खांबाला किंवा जमिनीतल्या कडीला जाड साखळी घालून बांधा आणि वर साधं राखाडी कव्हर घाला. कंपनीचं नाव असलेलं फॅशनेबल कव्हर म्हणजे चोराला आमंत्रणपत्रिका. विम्यात चोरीचं कलम, ज्याला इथे कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात, ते घेतलेलं असू द्या.

आणि कधी विकायची वेळ आली, मोठी गाडी घ्यायची म्हणून किंवा घरी बाळ येणार म्हणून, तर ती वही समोर ठेवा. किंमत तिच्यावरच ठरते. टायटलवर सही करून दिलीत की पाच दिवसांच्या आत डीएमव्हीच्या संकेतस्थळावर मालकी सोडल्याची नोटीस भरा, ती पावती छापून ठेवा. घेणाऱ्याला नाव बदलायला दहा दिवस असतात आणि पुष्कळ जण तेही विसरतात. तोवर झालेले पार्किंगचे दंड जुन्या मालकाच्या पत्त्यावर येतात. नंबरप्लेट गाडीबरोबरच जाते, म्हणून फास्ट्रॅकच्या खात्यातून तो नंबर त्याच दिवशी काढून टाका. विमा मात्र नोटीस भरल्यावरच बंद करा.